पत्र्याच्या डब्यातला कॅमेरा

शाळेच्या पुस्तकात सूचिछिद्र प्रतिमाग्राहकाची आकृती होती. अलीकडे मेणबत्ती, मधे भोक, पलीकडे उलटी ज्योत. परीक्षेपुरती ती बिनचूक काढली, पण ती उलटी ज्योत डोळ्यांनी पाहायची राहूनच गेली. घट्ट झाकणाचा एक रिकामा पत्र्याचा डबा हाती आला तेव्हा ठरवलं, की भिंगाशिवाय एक तरी फोटो काढायचाच.

डबा कापायला पाच मिनिटं लागली. बाजूला नखाएवढी गोल खिडकी पाडली आणि आतून काळा रंग दिला. खरं काम त्या खिडकीवर लावायच्या भोकाचं. भोक फार मोठं झालं तर चित्र धूसर होतं, फार बारीक झालं तरीही होतं, कारण प्रकाश कडेवरून वळून पसरतो. योग्य माप काढण्यासाठी रेले या शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखलं जाणारं सूत्र आहे: भोक ते कागद हे अंतर आणि प्रकाशाची तरंगलांबी यांचा गुणाकार, त्याचं वर्गमूळ, गुणिले १.९. कागद भोकासमोरच्या बाजूला आतून लावायचा, म्हणून अंतर डब्याच्या व्यासाएवढं, १०० मिलिमीटर. हिरवट प्रकाशाची तरंगलांबी ०.०००५५ मिलिमीटर धरली, तर भोक यायला हवं ०.४५ मिलिमीटरचं.

एवढं बारीक भोक सुई आरपार खुपसून पडत नाही, पत्रा फाटतो. शीतपेयाच्या कॅनचा तुकडा पुठ्ठ्यावर ठेवून सुईने नुसता खळगा पाडायचा. मागे आलेला फुगवटा बारीक पॉलिश पेपरने घासायचा, पुन्हा टोचायचं, पुन्हा घासायचं. शेवटी सुईचं फक्त टोक पलीकडे डोकावतं. तेव्हा सुई हलकेच फिरवली की कडा गोल होते. मोजायला स्कॅनर वापरला. इंचाला २४०० ठिपके या सेटिंगला माझं पहिलं भोक ६० ठिपके रुंद भरलं, म्हणजे ०.६३ मिलिमीटर. ते टाकून दिलं. चौथं ४३ ठिपक्यांचं निघालं. त्या संध्याकाळी मी ते भोक पुन्हापुन्हा उजेडासमोर धरून पाहत होतो.

फिल्मऐवजी कृष्णधवल फोटो छापायचा कागद घेतला. त्यावर जिथे प्रकाश पडतो, तो भाग काळा होतो. त्याला लाल उजेड चालतो, त्यामुळे लाल दिवा लावलेल्या बाथरूमची डार्करूम होते. भोकावर काळ्या टेपची पट्टी लावली. हेच शटर. पहिला कागद डेव्हलपरमध्ये, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या रसायनात, टाकला आणि काही सेकंदांत तो कोळशासारखा काळा झाला. दुसराही तसाच.

प्रकाश कुठून तरी शिरत होता. मग उलटं करून पाहिलं: छोटा टॉर्च चालू करून डब्यात ठेवला, झाकण लावलं आणि पूर्ण अंधारात डबा फिरवून पाहिला. झाकणाला एका जागी पोचा होता, तिथून केसाएवढी उजेडाची रेघ बाहेर येत होती. डबा बनवणाऱ्या प्रत्येकाने रंग सुकल्यावर लगेच ही चाचणी करावी, दोन कागद वाचतील. झाकणाच्या कडेभोवती काळ्या टेपचे दोन वेढे दिले आणि रेघ गेली.

तिसऱ्या कागदावर घराची आकृती आली, पण पुसट, आणि मधोमध एक गडद पट्टा. पट्ट्याचं कारण माझा रंग. तो चकचकीत होता, आतल्या आत प्रकाश परतवत होता. आतून काळा खरखरीत कागद चिकटवला. पुसटपणाचं गणित वेगळं होतं. अंतर भागिले भोकाचा व्यास म्हणजे छिद्रांक; तो जितका मोठा तितका प्रकाश कमी. १०० भागिले ०.४५ म्हणजे सुमारे २२२. कागदाची प्रकाश-संवेदनशीलता ६ आयएसओ (ती मोजायचं एकक) धरली, तर लख्ख उन्हात १६ छिद्रांकाला १/६ सेकंद पुरतो. २२२ ला त्याच्या सुमारे १९० पट (२२२ भागिले १६, त्याचा वर्ग), म्हणजे ३२ सेकंद. पण प्रकाश इतका मंद आणि वेळ इतका लांब असला की कागद हिशोबापेक्षा कमी काळवंडतो. म्हणून पुढच्या कागदाला वेळ वाढवली. ६० सेकंदांना सावल्यांमधले तपशीलही दिसू लागले.

चौथा कागद ट्रेमध्ये हलवताना आधी आकाश काळं झालं, मग छपराची कड, मग खिडकीचे गज एकेक करून वर आले. पांढऱ्यावर काहीच नसताना तिथे घर उगवतं, हे पाहताना मी फिक्सरची, म्हणजे चित्र पक्कं करणाऱ्या रसायनाची, वेळ जवळजवळ विसरलो होतो. ही निगेटिव्ह होती, म्हणजे उजळ भाग काळे आणि काळे भाग उजळ, शिवाय आरशातल्यासारखी डावी-उजवी उलटलेली. वाळल्यावर स्कॅन करून रंग आणि बाजू दोन्ही पालटल्या.

अंगणातून त्या मिनिटभरात दोन माणसं चालत गेली होती. फोटोत त्यांचा मागमूस नाही. म्हणून पाचव्या वेळी दारासमोर खुर्ची ठेवली, ३० सेकंद तिच्यावर स्थिर बसलो आणि उठून बाजूला झालो. कागदावर खुर्ची स्पष्ट आली आहे. तिच्यावर मी आहे, आणि माझ्यातून खुर्चीची पाठ दिसते.