डोंगर सर होतो, सिनेमा संपत नाही

टेरेन्स मॅलिकचा 'द थिन रेड लाइन' हा युद्धपट पाहिलेल्या दोन माणसांना बोलताना ऐकलं तर ती एकाच सिनेमाबद्दल बोलतायत यावर विश्वास बसत नाही. एकाला तो वर्षानुवर्षं पुरतो, दुसऱ्याला तीन तास फुकट गेल्याचा राग आवरत नाही. १९९८ पासून हे असंच चालू आहे. एक बाजू म्हणते, न आवडणाऱ्यांना समज नाही. दुसरी म्हणते, आवडला म्हणणारे उगाच मोठेपणा मिरवतात. मला दोन्ही म्हणणी पटत नाहीत. हा सिनेमा प्रेक्षकाचा हात कुठे कुठे सोडतो ते बोट ठेवून दाखवता येतं, आणि प्रेक्षकांत फूट पडते ती बरोबर त्याच जागांवर.

पहिली फूट तिकीट काढतानाच पडली होती. त्याच वर्षी जुलैत स्पीलबर्गचा 'सेव्हिंग प्रायव्हेट रायन' आला. ओमाहा किनाऱ्यावरचा सुरुवातीचा संहार पाहून लोक हादरले होते आणि युद्धपट असाच असायला हवा हे डोक्यात पक्कं बसलं होतं. डिसेंबरात मॅलिकचा हा सिनेमा आला, तोही दुसऱ्या महायुद्धाचा. शॉन पेन, निक नोल्टी, जॉर्ज क्लूनी, जॉन ट्रॅव्होल्टा अशी नावं होती. मॅलिकने त्याआधी वीस वर्षं एकही सिनेमा केला नव्हता. एवढ्या सामग्रीवर माणूस जी अपेक्षा घेऊन थिएटरात शिरेल ती घेऊनच लोक शिरले. समोर पहिला आला हिरव्या शेवाळलेल्या पाण्यात सावकाश उतरणारा मगरीचा देह, पाठोपाठ प्रचंड झाडांची मुळं, आणि निसर्गाच्या पोटातच हे युद्ध का, असं विचारणारा एक आवाज. पहिली गोळी सुटायला जवळजवळ पाऊण तास जातो. क्लूनी दिसतो शेवटाकडे, तोही एका भाषणापुरता. नावावर भुलून आलेल्याला फसवल्यासारखं वाटलं तर तो दोष त्याचा नाही.

कथा ग्वाडलकनालची आहे, सॉलोमन बेटांमधली. अमेरिकी फौजा तिथे जपान्यांविरुद्ध ऑगस्ट १९४२ मध्ये उतरल्या आणि फेब्रुवारी १९४३ पर्यंत लढाई चालली. मूळ कादंबरी जेम्स जोन्सची, १९६२ सालची. जोन्स स्वतः अमेरिकी सैन्याच्या २५ व्या डिव्हिजनमधून तिथे लढला आणि जानेवारी १९४३ मध्ये जखमी झाला. त्यामुळे पाण्याचा प्रश्न, पोटात गोळा येणारी भीती, वरिष्ठांची बढतीची घाई हे सगळं अनुभवातून आलेलं आहे. 'सिनेमात युद्धच नाही' असं म्हणणाऱ्यांनी मधला भाग पुन्हा पाहावा. टेकडीवरचा बंकर घ्यायचा आहे. लेफ्टनंट कर्नल टॉल फोनवरून सरळ समोरून चढायला सांगतो. कॅप्टन स्टारोस म्हणतो, माणसं कापली जातील, मी हा हुकूम पाळणार नाही. पाणी संपलंय, माणसं उन्हाने कोसळतायत. पायदळाची चढाई कशी असते, फोनच्या दोन टोकांना बसलेल्या दोन माणसांना एकच टेकडी किती वेगळी दिसते, हे इतक्या नेमकेपणाने मी फार थोड्या युद्धपटांत पाहिलंय. आणि शेवटी होतं काय? टेकडी मिळते, टॉल स्टारोसला कमांडवरून काढतो, वर पदकाची शिफारस करतो, कारण बोभाटा व्हायला नको. लष्करातच काय, कुठल्याही कचेरीत काम केलेल्या माणसाला हा प्रसंग कळेल.

आता त्या टेकडीवरचं गवत. हे चित्रण ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये झालं. छायालेखक जॉन टोल. गवत कमरेच्या वर, आणि लांब हाताच्या क्रेनवरून कॅमेरा त्या गवताच्या शेंड्यांना लागून पुढे सरकतो. सैनिक वाकला की दिसेनासा होतो. शत्रू तर दिसतच नाही. गोळ्या कुठून येतात ते आपल्यालाही कळत नाही. जपानी माणूस जवळून, चेहऱ्यासकट दिसतो तो बंकर ताब्यात आल्यावर, आणि तेव्हा तो उपाशी, थरथरणारा, रडणारा असतो. चढाई सुरू होताना दोन जणांना पुढे पाठवतात. दोघं गवतात पडतात. मग काहीच होत नाही, फक्त ढग सरकतो आणि ऊन टेकडीवरून पसरत जातं. माझ्या मते संपूर्ण सिनेमाची कसोटी या एका शॉटमध्ये आहे. दोन माणसं आत्ताच मेली आणि उजेडाला त्याचं काही नाही, हे पाहून ज्याच्या अंगावर काटा येतो त्याला पुढचे दोन तास जड जात नाहीत. ज्याला वाटतं की दिग्दर्शक निसर्गचित्रं काढत बसलाय, त्याने खुशाल उठावं. तसं वाटणं खोटं नसतं.

सर्वांत मोठी गडबड आवाजांची. पडद्यामागून सतत कुणीतरी बोलत असतं, आणि कोण बोलतंय हे सिनेमा सांगत नाही. बहुतेकांना वाटतं की सुरुवातीचा आवाज विट या सैनिकाचा, म्हणजे ती भूमिका करणाऱ्या जिम कॅव्हिझेलचा. तो विटचा नाही. तो ट्रेन नावाच्या पोरसवदा सैनिकाचा आहे, जो जहाजावर आपल्याला भीती वाटते म्हणून सार्जंट वेल्शजवळ बोलतो आणि नंतर फारसा दिसत नाही. शेवटचं स्वगतही त्याचंच. सिनेमाचा पहिला आणि शेवटचा शब्द कंपनीतल्या, म्हणजे त्या लष्करी तुकडीतल्या, सगळ्यांत बिनमहत्त्वाच्या पोराला देणं ही मॅलिकची मोठी निवड आहे, पण ती पहिल्या पाहण्यात जवळपास कुणाच्याच लक्षात येत नाही. त्यात हेल्मेट आणि चिखलामुळे विट आणि बेल हे दोघे सैनिक सारखे दिसतात. एवढ्यानेच प्रेक्षक हरवतो आणि हरवलेल्या प्रेक्षकाला स्वगतं पोकळ वाटू लागतात.

म्हणून एक साधी खूण. बायकोच्या आठवणी आल्या की तो बेल. आईचा मृत्यू, अमरत्व, दुसरं जग याबद्दलचं बोलणं विटचं. इतकी वर्षं वरिष्ठांपुढे वाकलो, आता ही संधी सोडणार नाही, ही जळजळ टॉलची. आईबद्दलचं विटचं बोलणं मात्र अजिबात चुकवू नका. तिच्या मरणातली शांतता आपल्याला त्या वेळी दिसली नाही, आपल्याला तसं मरता येईल का, असं तो सुरुवातीलाच विचारतो. शेवटाकडे जपान्यांच्या वेढ्यात तो बंदूक उचलतो त्या क्षणाचा अर्थ त्या वाक्यावर उभा आहे. ते निसटलं की त्याचं मरण अचानक आणि विनाकारण वाटतं.

सिनेमाला एक मुख्य पात्र नाही, आणि त्याचं कारण संकलनातही आहे. संकलनाचा पहिला कट पाच तासांचा होता. तो १७० मिनिटांवर आणताना पात्रंच्या पात्रं गेली. बिल पुलमन आणि मिकी रूर्क यांचे प्रसंग पूर्ण गळले. कादंबरीत महत्त्वाचं पात्र असलेला फाइफ एड्रियन ब्रॉडीने केला होता. पडद्यावर त्याच्या वाट्याला भेदरलेले डोळे आणि मोजकी वाक्यं उरली. नायक ज्या जागी हवा तिथे कंपनी येऊन बसली. हान्स झिमरने बरंचसं संगीत चित्रीकरणाआधीच करून ठेवलं होतं आणि ते सेटवर वाजवलं जाई. जपानी तळावरच्या हल्ल्यात घड्याळासारखा ठोका धरून चढत जाणारं संगीत बंदुकांचा आवाज जवळजवळ गिळून टाकतं. विजयाचा प्रसंग असून तो शोकासारखा ऐकू येतो, आणि थरार हवा असलेल्याला नेमका तिथेच तो मिळत नाही.

तळ पडल्यावर नेहमीचा युद्धपट दहा मिनिटांत आटोपला असता. इथे त्यापुढे तासाभराच्या आसपास सिनेमा आहे. विश्रांती, दारू, बेलच्या बायकोचं घटस्फोट मागणारं पत्र, मेलेल्या जपान्यांचे सोन्याचे दात काढणारा डेल नावाचा सैनिक पावसात रडत ते फेकून देतो तो प्रसंग. सर्वांत जास्त लोक इथे सोडून जातात. माझ्यासाठी खरा सिनेमा इथेच आहे, कारण लढाईने माणसाचं काय केलं हे कळायला लढाई थांबावी लागते.

'मरणाच्या दारात कोण असं तत्त्वज्ञान बोलतं?' हा आक्षेप मराठी माणसाने घेतला की मला नवल वाटतं. दोन सैन्यांच्या मधोमध रथ उभा करून अठरा अध्याय चाललेला संवाद आपल्याकडे घरोघरी वाचला जातो. फरक आहे, आणि तो मोठा आहे. अर्जुनाला उत्तर मिळतं. इथे प्रश्न विचारणारे पुष्कळ, सारथी कुणीच नाही. विट आणि सार्जंट वेल्श तीन वेळा समोरासमोर बसतात; एक म्हणतो मी दुसरं जग पाहिलंय, दुसरा म्हणतो हेच एक जग आहे, आणि कुणाचाच निकाल लागत नाही. मॅलिकने हार्वर्डला तत्त्वज्ञान शिकून हायडेगर या जर्मन तत्त्वज्ञाचा एक ग्रंथ इंग्रजीत आणला होता. प्रश्न उघडा ठेवायची शिस्त तिथली असावी.

टीकेतला एक मुद्दा मी मान्य करतो. सुरुवातीचं मेलनेशियन, म्हणजे त्या बेटांवरच्या मूळ रहिवाशांचं, गाव फारच निष्पाप रंगवलंय, आणि तिथले लोक विटच्या स्वप्नाची पार्श्वभूमी होऊन बसतात. मात्र विट पुढे पुन्हा त्या गावात जातो तेव्हा भांडणं दिसतात, त्वचारोग दिसतो, मांडलेल्या कवट्या दिसतात, आणि मूल त्याच्यापासून दूर सरतं. तो भाग लक्षात ठेवूनच पहिल्या भागाबद्दल बोलावं.

ऑस्करची सात नामांकनं मिळाली, पुरस्कार एकही नाही. १९९९ च्या बर्लिन महोत्सवात मात्र सुवर्ण अस्वल हा तिथला सर्वोच्च पुरस्कार मिळाला. म्हणजे फूट परीक्षकांतही होतीच.

घरी पाहणार असाल तर टीव्हीचं मोशन स्मूदिंग (हालचाल जास्त गुळगुळीत दाखवणारी सोय) बंद करा, नाहीतर तरंगता कॅमेरा मालिकेसारखा दिसतो. रंग भडक करणारा 'व्हिविड' मोडही नको. गवत प्लॅस्टिकचं दिसू लागतं आणि उन्हाचा तो शॉट मरतो. स्वगतं कुजबुजीत आहेत. टीव्हीच्या स्पीकरवर ती ऐकायला आवाज वाढवला की पुढचा तोफगोळा घर हलवतो, म्हणून हेडफोन लावा आणि पहिल्या खेपेला सबटायटल्स चालू ठेवा. एका बैठकीत जमणारच नसेल तर स्टारोस आपल्या माणसांचा निरोप घेतो तिथे थांबा, त्याआधी नको. आणि श्रेयनामावली आली असं समजून शेवटी उठू नका. जहाज बेटापासून दूर जातं, ट्रेनचा आवाज थांबतो, आणि मग उथळ पाण्यात एकटाच उभा, कोंब फुटलेला नारळ दिसतो. कोकणात हे दृश्य कुणाच्याही परसात असतं. एवढ्या प्रेतांनंतर त्या कोंबाकडे काही क्षण बघत राहायला हा सिनेमा वेळ देतो.