कशेळीचा सडा, कडक ऊन आणि वाघ्या

पावसाळ्यात सड्यावर, म्हणजे कोकणातल्या डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळावर, जायला सगळे तयार असतात, फुलं असतात, धुकं असतं, फोटो मस्त येतात. मला मात्र सडा आवडतो तो पाऊस पूर्ण गेल्यावर, दिवाळीच्या तोंडावर, आभाळात ढग औषधाला पण नसताना. ऊन चटका देतं हे खरं, पण त्या उन्हातच सडा नीट दिसतो. परवाच्या रविवारी मी आणि माझी मैत्रीण कशेळीच्या सड्यावर भटकून आलो, सोबत तिचा कुत्रा वाघ्या, आणि तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय म्हणून लिहून काढते.

कशेळी राजापूर तालुक्यात. रत्नागिरीहून पावस, पूर्णगड करत समुद्राच्या बाजूने खाली आलं की आडिवऱ्याच्या अलीकडे. मैत्रिणीचं आजोळ तिथलं, त्यामुळे आदल्या रात्रीच मुक्कामाला गेलो होतो. वाघ्या गावठी आहे, तांबूस रंगाचा, जांभ्यावर बसला की दहा पावलांवरून दिसत नाही.

निघायची वेळ वाघ्यामुळे ठरते. आपण टोपी घालतो, पायात बूट असतात, त्याला यातलं काहीच नाही. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, जो काही येतो तो पंजांना, बाकी सगळा गारवा जीभ बाहेर काढून धापा टाकण्यातून. आणि कातळ एकदा तापला की तापतच जातो. म्हणून आमचा नियम साधा आहे, हाताची पालथी बाजू कातळावर ठेवायची आणि सात आकडे मोजायचे, तेवढं ठेववलं नाही तर वाघ्याने पण तिथे चालायचं नाही. उजाडता उजाडता निघायचं आणि दहाच्या आत झाडाखाली यायचं. वाडीतनं निघताना दगडी गडग्याजवळ एक आजी भेटल्या, त्या आम्हाला काही नाही बोलल्या, वाघ्याकडे बघून म्हणाल्या, "ह्याला उन्हाचं कशाला फिरवताव गो?" मैत्रिणीने सांगितलं, आजी ऊन चढायच्या आत परत येतो, तेव्हा कुठे त्यांचं समाधान झालं.

पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, चढून वर आलं की एकदम सपाट. घाटावरच्या माणसाला डोंगर चढल्यावर शिखर लागतं, आमच्याकडे चढल्यावर मैदान लागतं. नजर जाईल तिथवर कातळ, मधेमधे पिवळं पडत चाललेलं गवत, आणि पश्चिमेला समुद्राची निळी पट्टी. पावसाचं पाणी कातळातल्या खळग्यांत अजून थोडं थोडं राहिलेलं होतं, वाघ्याने त्यातला एकही खळगा सोडला नाही, आम्ही त्याच्यासाठी मुद्दाम बाटली आणि करवंटी नेली होती ती सुरुवातीला तशीच पिशवीत राहिली. टिटव्यांनी आम्हाला लांबूनच बघितलं आणि जी ओरड सुरू केली ती आम्ही त्यांच्या हद्दीतून बाहेर पडेपर्यंत थांबवली नाही.

एक गोष्ट कळकळीने सांगते, कुत्रा घेऊन सड्यावर जाणार असाल तर तो मोकळा सोडू नका. कारण फुरसं, हा छोटा विषारी साप. रत्नागिरीच्या कातळावर फुरसं भरपूर, जेमतेम हात-दीड हात लांबीचं, दगडाच्या सांदीत नाहीतर गवताच्या बुडाशी पडून राहणारं, रंग असा की दिसतच नाही. अंगाची वेटोळी एकमेकांवर घासून खसखस आवाज करतं तेवढाच इशारा. आणि कुत्र्याची सवय काय तर आवाज आला की नाक तिकडे. मैत्रीण त्याला लांब दोरीवर ठेवते, काठी पुढे आपटत चालते आणि सैल दगड कुणी उलटायचा नाही हे तिचं पक्कं आहे. बिबट्याचं पण भान ठेवावं लागतं. गावातली माणसं त्याला सरळ वाघ म्हणतात, आणि संध्याकाळी कुत्रं बाहेर बांधू नका हे प्रत्येक घरी सांगतात.

आता मुख्य गोष्ट, कशेळीचा हत्ती. कातळात कोरलेला, जवळपास 18 मीटर लांब आणि 13 मीटर रुंद, आणि त्याच्या पोटात आणखी कितीतरी प्राणी कोरलेले. कोकणातलं हे सगळ्यात मोठं कातळशिल्प समजतात. रत्नागिरीच्या निसर्गयात्री संस्थेच्या सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि डॉ. सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी गावोगाव सडे तुडवत ही चित्रं शोधून काढली, गुराख्यांना विचारत, म्हाताऱ्या माणसांना विचारत. 2022 साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत कोकणातली कातळशिल्पं गेली, त्यात उक्षी, जांभरूण, देवाचे गोठणे, देवीहसोळ, बारसू यांच्याबरोबर कशेळी पण आहे.

आणि इथेच उन्हाचं महत्त्व कळतं. रेषा फार खोल नाहीत. दुपारी सूर्य डोक्यावर असताना गेलात तर नुसता खडबडीत कातळ दिसेल, माणसं येऊन "कुठेय हत्ती?" विचारून परत जातात. सकाळी ऊन तिरकं असतं, प्रत्येक रेषेची एक कड उजळते आणि दुसऱ्या कडेची सावली आत पडते, आणि मग तुम्ही कडेकडेने चालत गेलात की आधी पाय दिसतो, मग पाठीचा बाक, मग सोंड, असं करत अख्खा हत्ती जमिनीतून वर येतो. आम्ही दोघी बराच वेळ काही बोललोच नाही. वाघ्याला आखूड धरलं होतं, चित्रावर त्याला पण नेलं नाही आणि आम्ही पण गेलो नाही, बूट घालून त्या रेषांवर चालणं मला खरंच बघवत नाही. खडूने रेषा रंगवून फोटो काढणारे पण असतात, कृपा करून असं करू नका, सकाळी लवकर या, खडूची गरजच पडत नाही.

मला सारखं वाटत होतं की ज्याने हे कोरलं त्याने हत्ती नीट, जवळून, रोज बघितला असणार. कोकणातल्या कातळशिल्पांमध्ये गेंडा सुद्धा आहे, आणि आज कोकणात गेंडा कुठेच नाही. म्हणजे तेव्हा इथे गवत किती, पाणी किती, सगळंच वेगळं असणार. आणि असल्या जागेला सातबाऱ्यावर काय नाव, तर पोटखराबा, नाहीतर वरकस. कागदावर काही पिकत नाही म्हणजे काही नाही. 2023 मध्ये बारसूच्या सड्यावर रिफायनरीसाठी माती परीक्षण सुरू झालं तेव्हा "तिथे नुसता कातळ तर आहे" हे वाक्य किती जणांकडून ऐकलं, तेव्हाही राग आला होता आणि त्या हत्तीच्या कडेला उभं राहून पुन्हा आला. चिरेखाणी, आंब्याची कलमं लावायला सुरुंगाने काढलेले खड्डे, हे पण सड्यावरच होतं आणि त्यात माणसांची पोटं आहेत हे मला मान्य आहे, फक्त आधी बघून तरी घ्या तिथे काय आहे ते.

साडेनवाला हात ठेवून बघितला, पाच आकड्यांतच उचलावा लागला. मग सड्यावर रेंगाळलो नाही. गवताच्या पट्ट्यातून वाघ्याला चालवत, मधे एकदा करवंटीत पाणी देऊन, कनकादित्याच्या देवळाकडे उतरलो. सूर्याचं देऊळ. सौराष्ट्राहून मूर्ती घेऊन निघालेलं गलबत कशेळीच्या समोर अडलं, मग मूर्ती किनाऱ्यावरच्या गुहेत ठेवली आणि पुढे कनका नावाच्या भक्ताला दृष्टांत झाला अशी कथा आहे, त्या गुहेला अजून देवाची खोली म्हणतात. रथसप्तमीला इथे मोठा उत्सव असतो. आम्ही आळीपाळीने आत जाऊन आलो, एक आत गेली की दुसरी वाघ्याला घेऊन बाहेर सावलीत.

घरी पोचल्यावर मामींनी घावणे आणि ओल्या खोबऱ्याची चटणी वाढली, वाघ्याला पेज. मग पडवीत बसून त्याच्या अंगातली कुसळं काढायचा कार्यक्रम. हे काम टाळायचं नाही, कुसळ टोकदार असतं, बोटांच्या मधे किंवा कानात शिरलं तर आत आत जातं आणि पू होतो. मैत्रीण फणी फिरवत होती, मी बोटांच्या मधे एकेक तपासत होते, गोचीड पण बघून घेतली. पुढचं ठरलंय देवाचे गोठणे, तिथे पण सकाळीच, वाघ्यासकट.