अण्णांच्या मुठीतली किर्र

२०२१ च्या वैशाखात अण्णा फोनवर म्हणाले, "यंदा किर्र नाही गो. वादळात झाडं गेली, त्यांच्याबरोबर ते किडेही गेले."

मला ते लगेच पटलं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आमच्या दापोली तालुक्याला झोडपून गेलं, तेव्हा आगरातल्या निम्म्या पोफळी आडव्या झाल्या होत्या. माड शेंड्यातून मोडले आणि देवरहाटीतली, देवाच्या नावाने राखलेल्या रानातली, आजोबांच्याही आधीची झाडं मुळांसकट उपटून पडली. किर्र करणाऱ्या किड्याची पिल्लं जमिनीखालीच वाढतात. मुळांमधला रस शोषत काही वर्षं अंधारात काढायची आणि मग एका उन्हाळ्यात वर यायचं. मुळंच उताणी पडली तर ती जगणार कशी? लॉकडाऊनमुळे दोन उन्हाळे माझं माहेरी जाणं झालं नव्हतं. पुण्यातल्या घरात, फोन ठेवल्यावर, मी त्या न पाहिलेल्या पिल्लांसाठी रडले.

पुस्तकांत याला सिकाडा म्हणतात. आमच्या घरात त्याला वेगळं नाव नव्हतं. 'किर्र लागली' एवढंच म्हणायचे. पण त्या दोन शब्दांवर घरातली कामं हलायची. किर्र चढली की आई उन्हात वाळवलेली आंब्या-फणसाची साटं दुमडून डब्यात भरायची, रातांबे फोडायला बसायची, अण्णा लाकडं पडवीत रचायला घ्यायचे. आगोटीची, पावसाआधीच्या तयारीची, पहिली हाक तीच. त्यानंतर पावशा 'पेर्ते व्हा, पेर्ते व्हा' करत फिरायचा, पहाटे गडग्यामागच्या पाचोळ्यातून नवरंग पक्ष्याची दोन सुरांची शीळ यायची, आणि मग जूनच्या पहिल्या आठवड्यात मृग. पहिल्या मोठ्या सरीला शेतात पाणी तुंबलं की डराव बेडूक हळदीत लोळल्यासारखे पिवळेधमक होऊन वर यायचे. पिवळे होतात ते नर. गळ्याच्या दोन्ही बाजूंच्या निळ्या पिशव्या फुगवून ते रात्रभर असे ओरडायचे की आजी म्हणायची, "झोपा आता, यांचं लग्न उरकेपर्यंत आपल्याला झोप नाही." अण्णांनी घड्याळ आयुष्यभर वापरलं ते एसटीसाठी. बाकी सगळं कानावर.

२०२२ च्या मे महिन्यात संध्याकाळच्या गाडीने उतरले. बेड्यापाशी, आवाराच्या फाटकापाशी, पोचले आणि पिशवी खाली ठेवली. किर्र होती! देवरहाटीच्या एका टोकाला एकाने सुरू केलं, शेजारच्याने उचललं, आणि बघता बघता सगळं रान एका सुरात तापलं. कानात दडे बसावेत इतकं. मग कुणीतरी सुरी फिरवल्यासारखं सगळं एकदम थांबलं. पुन्हा एकाने सुरू केलं.

अण्णा ओटीवर आठिळा, फणसाच्या बिया, सोलत होते.

"अण्णा, आहेत की! ऐका!"

त्यांनी हातातली आठीळ खाली ठेवली. देवरहाटीकडे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "मला नाही ऐकू येत गो."

दापोलीला कान तपासले. डॉक्टरांनी कागदावरची रेघ दाखवली. डावीकडे, जाड आवाजांच्या बाजूला, बऱ्यापैकी सरळ होती. उजवीकडे बारीक, उंच आवाजांकडे जाताना मात्र कड्यावरून उतरावी तशी खाली गेलेली. वयाबरोबर आधी वरचे सूर जातात म्हणाले. म्हणजे तांबटाची ठकठक अण्णांना येते, कोकीळ येतो, पावसातल्या रात्री पाणकोंबडीचं कुवाक-कुवाक येतं, डराव बेडूक तर येतातच. शिंजिर पक्ष्याची चिवचिव गेली. रातकिडे गेले. किर्र गेली. आणि यातलं काहीच त्यांना गेल्यासारखं वाटलं नव्हतं, रानच रिकामं झालंय असं वाटलं होतं. दोन उन्हाळे ते त्या किड्यांचं सुतक पाळत होते. दोष वादळाला देत होते. याचं मला अजून फार वाईट वाटतं.

कानाचं मशिन आणलं. ते लावून त्यांना भांडी आणि पंखा जास्त ऐकू येतो, म्हणून ते बहुतेक वेळ खिशात असतं.

लहानपणी आम्ही फणसाच्या खोडाला चिकटलेल्या सिकाडाच्या काती काढून झग्याला लावायचो. पाठीवर उभी चीर, पायांना आकडे, रिकामे डोळे. आतला किडा आवाज कसा करतो ते मात्र मला खूप नंतर कळलं. रातकिडा पंखावर पंख घासतो, याचं तसं नाही. नराच्या पोटाला दोन बाजूंना रेघारेघांचे ताठ पडदे असतात. आतला स्नायू पडदा आत ओढतो, सोडतो. पत्र्याच्या डबीचं झाकण अंगठ्याने दाबलं की टक, सोडलं की टक, तसंच, फक्त सेकंदाला शेकडो वेळा. पोट बरंचसं पोकळ, म्हणून ते घुमतं. मादी वाजत नाही.

हे मी अण्णांना गेल्या मे महिन्यात सांगत होते, तेवढ्यात ओटीच्या दिव्यावर एक येऊन धडकला आणि चटईवर पडला. उचलताच ओरडला. नर होता.

"अण्णा, हात पुढे करा."

त्यांनी ओंजळ केली. मी तो आत ठेवला आणि त्यांची बोटं हलकेच मिटली. किडा पुन्हा ओरडला, मुठीतूनसुद्धा मोठ्याने. अण्णांचा चेहरा आधी घाबरल्यासारखा झाला. मग त्यांनी ती मूठ दुसऱ्या हाताने धरली, छातीशी नेली, डोळे मिटले.

"वाजतोय," ते म्हणाले. "हाडापर्यंत वाजतोय गो."

आई दारात येऊन उभी राहिली होती. कुणीच बोललं नाही. थोड्या वेळाने त्यांनीच मूठ उघडली. किडा क्षणभर तळहातावर बसला, मग फणसाकडे उडाला.

"लागला का परत?" त्यांनी विचारलं.

मी कान दिला. "लागला. फणसावर आहे. आता देवरहाटीतूनही आली."

"मग उद्या लाकडं आत घेऊ," अण्णा म्हणाले आणि आठिळांचं सूप पुढे ओढलं.