फेल्डबर्गच्या उतारावर हिरवा भुंगेरा

फेल्डबर्गला लोक जातात ते माथ्यासाठी, १४९३ मीटर, जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्टमधलं सगळ्यात उंच टोक, हवा स्वच्छ असली की आल्प्स दिसतो वगैरे. मला विचाराल तर माथा उघडाबोडका आहे, खरी मजा खाली फेल्डझे तळ्याकडे उतरणाऱ्या वाटेवर, स्प्रूस आणि बीचच्या झाडांच्या सावलीत. तिथेच एका कुजक्या ओंडक्याजवळ हे साहेब दिसले, जेमतेम इंचभर लांब, पण असा हिरवा सोनेरी चमकत होता की बायको म्हणाली अगं बाई, सोनपाखरू! पण सोनपाखरू पाला खाणारं, हा पक्का शिकारी, गांडुळं, गोगलगाई वगैरे खातो आणि याला उडताच येत नाही.

फोनमधल्या ॲपने फोटो बघून लगेच सांगितलं, कॅराबस ऑरेटस, म्हणजे कॅराबस या भुंगेऱ्यांच्या गटातली एक जात. मला काही पटेना, कारण ऑरेटस हा शेताबागांतला, भर दिवसा उन्हात पळणारा, तो या गार जंगलात ओंडक्याखाली काय करतोय? ॲप बहुतेक रंगावर जातं आणि रंग तर ऑरेटस आणि त्याचा जंगली भाऊ कॅराबस ऑरोनिटेन्स, या दोघांचा सारखाच. मग फोटो झूम करून पाठ बघितली. दोघांच्याही दोन्ही पंखकवचांवर तीन-तीन उभे कंगोरे असतात, ऑरेटसचे कंगोरे अंगासारखेच हिरवे, आणि याचे चक्क काळे, स्केचपेनने ओढल्यासारखे. तरी खात्री म्हणून मिशा पण बघितल्या, ऑरेटसच्या मिशांचे बुडाकडचे चार पेर तांबूस असतात, याचा फक्त पहिलाच, पुढे सगळं काळपट. म्हणजे हा कॅराबस ऑरोनिटेन्स, फाब्रिसियस या कीटकशास्त्रज्ञाने १७९२ मधे नाव दिलेला, डोंगरी जंगलातला, थंडीत कुजक्या लाकडात दडून बसणारा.

बायकोला तो हातावर घ्यायचा होता, मी नको म्हटलं, एकतर जर्मनीत कॅराबसच्या सगळ्या जातींना कायद्याने संरक्षण आहे आणि दुसरं म्हणजे छेडलं की हे मागून आंबट जळजळीत वासाचा फवारा मारतात, डोळ्यात गेला तर कल्याणच. फोटो काढायचा तर वरून एक आणि डोक्याजवळून मिशांचा एक, एवढे दोन पुरतात, बाकी चमक टिपत बसण्यात अर्थ नाही कारण ती कोन बदलला की बदलते.

फेल्डझे सुंदर आहे पण पोहायला बंदी, तळाशी हिमयुगापासून टिकलेली दुर्मिळ वनस्पती आहे म्हणून, तेव्हा टॉवेल घरीच ठेवा.