इशारा पातळी, धोका पातळी आणि आमची बोट

कोल्हापुरात राहून बोट घेतली म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, "रंकाळ्यात सोडणार काय?" दुसरा, "केवढ्याला पडली?" तिसरा कोण विचारत नाही, नुसतं बघतात, ह्याला घरातलं कोण काही बोलत नाही का म्हणून. शेवटी आम्ही तिचं नावच रंकाळा ठेवून टाकलं. आता गोव्यात लोक विचारतात रंकाळा म्हणजे काय, आणि आम्ही तळ्यातल्या संध्यामठापासून सुरुवात करून भेळेपर्यंत सगळं सांगतो.

बोट मांडवीच्या काठावर एका यार्डात असते. ३४ फुटी, फायबरची, १९८९ ची बांधणी, पोटात सहा सिलिंडरची दोन डिझेल इंजिनं. मी आणि मेहुणा, निम्मं निम्मं. महिन्यातनं दोन शनिवार पहाटे निघायचं, निपाणी, आजरा, आंबोली, सावंतवाडी, आणि रविवारी रात्री हात काळे करून परत.

आमचा उद्यमनगरात लेथचा धंदा, वडिलांपासूनचा. ज्या गावात म्हादबा मेस्त्रींनी ऑइल इंजिन बनवलं त्या गावचे आम्ही, त्यामुळं बोट बघायला गेलो तेव्हा दोन्ही इंजिनं बघून मी मेहुण्याला म्हटलं, ह्यात काय अवघड हाय, पंप-नोझल, हेड, लाइनर, सगळं आपल्या गल्लीत होतंय. आणि खरंच झालं. इंजिनानं आजवर आम्हाला फार दगा दिलेला नाही. दगा दिला तो इंजिनाला चिकटलेल्या, जोडलेल्या, आजूबाजूच्या सगळ्या बारक्या बारक्या वस्तूंनी, आणि त्यातल्या निम्म्या मीच मोठ्या हौसेनं बसवलेल्या.

सगळ्यात आधी आम्ही काय घेतलं असेल? १२ इंची चार्टप्लॉटर, म्हणजे समुद्राचा नकाशा आणि त्यात आपली बोट कुठं हाय ते दाखवणारा स्क्रीन. बोटीचा तळ नीट बघितला नव्हता, पण स्क्रीन घेतला. मेहुणा म्हणाला दाजी, ऑफर आहे, संपंल.

पहिल्या महिन्यात कळलं की बोटीत पाणी येतंय. तसं जुन्या बोटीत थोडं पाणी येतंच, सगळ्यात खालच्या खोबणीत साठतं, त्याला बिल्ज म्हणतात, तिथं फ्लोट स्विच आणि पंप असतो, पाणी चढलं की पंप आपोआप चालू. पण आमचा पंप दिवसातनं किती वेळा चालू होतोय हे कुणालाच माहीत नव्हतं. मग मी मार्कर घेतला आणि बिल्जच्या भिंतीवर दोन रेघा मारल्या. खालच्या रेघेवर लिहिलं ३९, वरच्या रेघेवर ४३. कोल्हापूरकराला हे समजावून सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी, राजाराम बंधाऱ्याला पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलेलं, तेव्हापासून जुलै लागला की आमच्याकडं माणूस सकाळी उठून देवाच्या आधी बंधाऱ्याची पातळी बघतो. तर यार्डातल्या वॉचमनला मी सांगून ठेवलंय, रोज संध्याकाळी टॉर्च मारायचा आणि फक्त आकडा कळवायचा. तो बिचारा मला रोज "३९ च्या खाली" असा मेसेज करतो, का ते त्याला अजून कळलेलं नाही.

पाणी कुठनं येतंय हे शोधायची एक जुनी पद्धत आहे, हाताचं बोट त्या पाण्यात बुडवून जिभेला लावायचं. खारट लागलं तर नदी-समुद्राचं, गोड लागलं तर टाकीचं किंवा पावसाचं. सांगायला सोपं आहे, आमच्या बिल्जमधलं पाणी डिझेलच्या चवीचं होतं. आणि पावसाळ्यात तर ही ट्रिक चालतच नाही कारण मांडवीला पूर आला की नदी पार गोडी होते, मग बाहेरचं पण गोड आणि आतलं पण गोड. असो. आमचं खारट होतं, आणि येत होतं शाफ्टच्या ग्लँडमधनं.

पंखा बाहेर पाण्यात, इंजिन आत, मधनं शाफ्ट जातो, म्हणजे बोटीच्या बुडाला मुद्दाम पाडलेलं भोक. ते बंद ठेवायला ग्लँड, म्हणजे शाफ्टभोवती दोरी ठासून नटानं आवळलेली डबी. मी जाऊन पाना लावला आणि आवळला, गळती बंद, खूश. रात्री घरी चुलत्यांना फोनवर सांगितलं. चुलते पंचगंगेवरच्या पाणीपुरवठा संस्थेत तीस वर्षं पंप सांभाळत होते. ते म्हणाले, "आरं येड्या, ग्लँड गळाय पायजे. थेंब थेंब गळतंय म्हणून शाफ्ट गार ऱ्हातोय. कोरडा केलास तर जाळून ठेवशील." म्हणजे जे मी आयुष्यभर उसाच्या पंपावर बघत आलो तेच, पण बोटीत गळतंय म्हटल्यावर माझं डोकंच चालायचं बंद झालं. दुसऱ्या आठवड्यात चुलत्यांनाच घेऊन गेलो. जुनी दोरी हुकानं काढली, आत दगड झालेली. शाफ्टवर गुंडाळून नवीन रिंगा तिरक्या कापल्या, प्रत्येक रिंगेचा जोड वेगळ्या बाजूला ठेवून बसवल्या, इंजिन चालू ठेवून नट पाव पाव फेरा फिरवला, हात लावून बघितलं शाफ्ट कोमट आहे का गरम. चालू असताना थेंब थेंब, बंद केल्यावर जवळजवळ कोरडं. चुलते शाफ्टकडं बघत बसले, मग म्हणाले, "आमचा पंप ह्यापरास मोठा हुता."

इथं गोष्ट संपली असती तर बरं होतं. चुलत्यांचा हात बरोबर होता, दोरी चुकली. आम्ही लक्ष्मीपुरीतनं नेलेली ग्रॅफाइटची काळी दोरी, शेतीच्या पंपाला जी घालतात ती. खाऱ्या पाण्यात ग्रॅफाइट आणि स्टेनलेस शाफ्ट एकमेकाला लागले की तो एक सेल होतो, बॅटरीसारखा, आणि त्यात खाल्लं जातं ते स्टेनलेस. पुढच्या वेळी बोट वर काढली तर दोरीच्या खाली शाफ्टला बारीक बारीक खड्डे, देवीच्या व्रणासारखे. आता टेफ्लॉन मुरवलेली दोरी घालतो, बसवायची पद्धत मात्र चुलत्यांचीच.

तर असं. आमचं गोड्या पाण्याचं ज्ञान निम्मं बरोबर आणि निम्मं घातक, आणि कुठलं निम्मं कुठलं ते आधी कळत नाही.

पितळेचंच घ्या. बोटीच्या बुडाला अजून भोकं असतात, इंजिनाला थंड करायला बाहेरचं पाणी आत घ्यायचं, सिंकचं बाहेर सोडायचं, प्रत्येक भोकावर एक व्हॉल्व. त्यातला एक जाम झालेला, मी मस्तपैकी हार्डवेअरच्या दुकानातला पितळी बॉल व्हॉल्व आणून बसवला, आयएसआय मार्क बघून घेतला हां. दोन वर्षांनी यार्डातला म्हातारा फिटर आला, त्यानं खिळ्यानं जरा खरवडलं, आत गुलाबी. म्हणाला, "पात्रांव, हे मेलेलं आहे." साधं पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, खारं पाणी त्यातलं जस्त काढून घेतं आणि मागं उरतं स्पंजासारखं गुलाबी तांबं, बाहेरनं आकार तोच, दिसायला व्हॉल्वच. त्यानं पान्यानं हलकं वळवलं आणि नळी कटकन मोडून हातात आली. बोट त्या दिवशी जमिनीवर होती म्हणून हे लिहितोय. पाण्यात असती तर माझ्या दोन रेघांचा काहीच उपयोग नव्हता.

आणि दुःख काय माहितेय? आमच्या शेजारच्या शेडमध्ये गनमेटलचे बुश रोज ओततात! तांबं आणि कथील, समुद्रात वर्षानुवर्षं टिकणारं. मी त्याच्या दारावरनं चालत जाऊन दुकानातनं पितळ आणलं. आता सगळे व्हॉल्व ब्राँझचे, आणि प्रत्येकाशेजारी सुतळीनं बांधलेली एक लाकडी खुंटी, मोडलं तर ठोकायला.

कोल्हापूरचा पाणउतारा बास झाला, आता थोडी बाजू पण घेतो. एक्झॉस्टचा एल्बो. बोटीत थंड करून झालेलं खारं पाणी सायलेन्सरच्या रस्त्यातच सोडतात, धूर आणि पाणी एकत्र बाहेर, म्हणून मागनं पिचकारी मारल्यासारखं दिसतं. पण ज्या एल्बोत हे दोन्ही भेटतात तिथं एका बाजूला तापलेला धूर, दुसऱ्या बाजूला मीठ, तो आतनं सडतो. आणि आतली भिंत फुटली तर पाणी उलटं सिलिंडरमध्ये, म्हणजे इंजिन गेलं. आमचा काढून आत बोट घातलं तर मिठाची आणि गंजाची पपडी, निम्मी वाट बंद. म्हणून एक इंजिन गरम होत होतं, आणि आम्ही दोन महिने थर्मोस्टॅटला शिव्या देत होतो. बाहेरनं मागवायचा तर किंमत ऐकून मेहुणा गप्प झाला. मग जुनाच एल्बो कोल्हापूरला आणला, पॅटर्नवाल्यानं लाकडी पॅटर्न केला, भिंत दोन एमएम जाड धरली, ओळखीच्या फाउंड्रीत बिडाचे चार ओतून घेतले, आमच्या लेथवर फेसिंग, पाण्याचा प्रेशर टेस्ट. निम्म्याहून कमी पैशात दोन बसले, दोन शिल्लक. खंडेनवमीला त्या दोन शिल्लक एल्बोंना पण झेंडू घातला, आईनं विचारलं हे कसलं यंत्र.

थंड करायच्या रस्त्यावरची दुसरी वस्तू म्हणजे रबरी इम्पेलर. आपल्या शेतीच्या पंपाचा इम्पेलर बिडाचा, पाणी नसताना फिरला तर आवाज करतो, शिव्या देतो, पण लगेच मरत नाही. हा रबराचा, पाणीच त्याचं वंगण, व्हॉल्व उघडायला विसरून इंजिन चालू केलं तर मिनिटभरात पाती तुटली म्हणून समजा. आणि तुटलेली पाती मोजायची! सहा पाती असतील आणि चारच सापडली तर दोन पुढं हीट एक्स्चेंजरच्या नळ्यांत जाऊन बसलीत, ती काढल्याशिवाय नवीन इम्पेलर घालून फायदा नाही. हे आम्ही व्हॉल्व उघडायला विसरूनच शिकलो. आता व्हॉल्व बंद केला की इंजिनाची किल्ली व्हॉल्वच्या दांड्याला अडकवतो.

रंगरंगोटी, गाद्या, पडदे ह्यात मला गती नाही, ते बायकोनं आणि मेहुण्याच्या बायकोनं केलं आणि बोटीचं फोटोत जे दिसतं ते सगळं त्यांचंच. बुडाला फोड आले होते, फायबरमध्ये पाणी मुरलं की येतात, फोडला की आतनं व्हिनेगरसारखा आंबट वास. घासून, कितीतरी आठवडे वाळवून, इपॉक्सीनं भरले. घाम काढणारं काम, सांगण्यासारखं काही नाही.

मेहुण्याचं डोकं मात्र सारखं लिथियम बॅटरीवर. वजन कमी, टिकते जास्त, सगळं खरं. पण जुन्या बोटीत जुनी बॅटरी काढून ती ठेवली की झालं असं नाही. लिथियम जेवढा करंट मिळेल तेवढा ओढते, आणि आपला जुना अल्टरनेटर हावऱ्यासारखा देत बसतो, इंजिन आयडलला, पंख्याचा वारा कमी, तापून जातो. त्यात बॅटरीच्या आतल्या सर्किटनं मधेच चार्जिंग तोडलं तर व्होल्टेजचा जो झटका बसतो त्यात अल्टरनेटरचे डायोड जातात. म्हणून आम्ही मधला रस्ता काढला, इंजिनाला आणि बिल्ज पंपाला साधी लेड-अ‍ॅसिड, घरगुती वापराला लिथियम, आणि दोघांच्या मध्ये चार्जर जो मोजूनच करंट देतो. बिल्ज पंपाची वायर मेन स्विचच्या आधी, फ्यूज लावून थेट बॅटरीवर, म्हणजे जाताना आपण सगळं बंद केलं तरी पंप जागा. आणि वायर कलई केलेली. घरात वापरतो ती साधी तांब्याची वायर पहिल्या वर्षी ओढली होती, टोकाला जरा सोलून बघितलं, आत हातभर काळी पडलेली, मीठ वातीसारखं वर चढतं.

ह्या सगळ्यात चार्टप्लॉटर राहिला. बसवायचा म्हटलं की दर वेळी आधी दुसरं काहीतरी निघतं, मागच्या दिवाळीत बसवणार होतो तर डिझेलच्या टाकीत शेवाळासारखा गाळ निघाला, फिल्टर तुंबायला लागले, टाकी उपसण्यात सुट्टी गेली. ह्या मे महिन्यात नक्की म्हणत होतो तर उजव्या इंजिनाचा फुल थ्रॉटलला आरपीएमच चढेना, काळा धूर. इंजिनात दोष शोधत बसलो आणि निघाला पंखा, शिंपल्यांनी भरलेला, ओळखू येत नव्हता. खरवडला, गेला धूर.

आता जून लागलाय, बोट वर काढून झाकून ठेवलीय, मच्छीमारांची पण बंदी आहे, ३१ जुलैपर्यंत तिकडं कोण काय हलत नाही. वॉचमनचा मेसेज तरी रोज येतो, जमिनीवर असली तरी, पावसाचं पाणी आत जातं ना. काल पहिल्यांदा आला, "३९ झाले." मी कोल्हापुरात रात्री साडेदहाला उठून बसलो. फोन केला तर म्हणे ताडपत्रीला भोक पडलंय, बादली लावलीय, झोपा.

चार्टप्लॉटरचा खोका माळ्यावर आहे, न फोडलेला. आईनं त्यावर सांडग्यांचा डबा ठेवलाय, म्हणते सपाट आहे, बरा बसतो.