नाताळच्या भेटी आणि उलटी मोजणी

यंदा नाताळला सगळ्यांना हातानं केलेलंच काहीतरी द्यायचं, असं मी नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच जाहीर करून टाकलं. प्रत्यक्ष कामाला हात लागला २ डिसेंबरला.

यादीत अकरा जण. सहा जणांना साबण, चौघांना मेणबत्त्या आणि दादाला विणलेला मफलर.

साबणाची तयारी मी अगदी परीक्षेसारखी केली होती. ऑलिव्ह तेल ३५० ग्रॅम, खोबरेल १५० ग्रॅम, कॉस्टिक सोडा ७१ ग्रॅम, पाणी १६० ग्रॅम. सगळं काट्यावर मोजून, पाणीसुद्धा. सोडा पाण्यात टाकायचा, सोड्यावर पाणी कधीच ओतायचं नाही. अ‍ॅल्युमिनियमचं भांडं आसपासही नको. हातमोजे, गॉगल, खिडक्या उघड्या. मिश्रण घोटता घोटता दाट झालं, पळीतून पडलेली धार वर क्षणभर तशीच दिसायला लागली, तेव्हा साच्यात ओतलं. दुसऱ्या दिवशी सात वड्या कापल्या, काय सुरेख दिसत होत्या! मग कृतीची शेवटची ओळ वाचली: ‘कापल्यावर चार ते सहा आठवडे हवेशीर जागी ठेवा.’

चार आठवडे म्हणजे ३१ डिसेंबर.

साबण होण्याची मुख्य क्रिया एक-दोन दिवसांतच उरकते. पुढचे आठवडे लागतात ते मुख्यतः वडीतलं पाणी उडून ती कडक आणि सौम्य होण्यासाठी. घाई केली तर साबण वापरताना भराभर विरघळतो. बदल्यात दुसरं काही करायला वेळ नव्हता, म्हणून प्रत्येक वडीला चिठ्ठी बांधली: ‘१४ जानेवारीनंतर वापरा.’ मला तर ही युक्ती आवडलीच. भेट एकदाच, पण वाट दोनदा बघायची.

मेणबत्त्या सोप्या असतील असं वाटलं होतं. सोया मेण वितळवलं आणि सुगंधी तेल अंदाजानं ओतलं, अंदाज सढळ हाताचा. गार झाल्यावर मेणावर तेलाचे थेंब उभे राहिले, जणू मेणबत्तीला घाम फुटलाय. चारही पुन्हा वितळवून त्यात आणखी मेण घातलं. मग २०० ग्रॅम मेणाला १४ ग्रॅम तेल असा हिशोब बसला आणि घाम थांबला. वात मधोमध उभी राहावी म्हणून बरणीवर कपड्यांचे चिमटे आडवे ठेवले. दोन बरण्यांत वातीभोवती खड्डा पडला (मेण गार होताना आकसतं), तिथं केस वाळवायचा ड्रायर फिरवून वरचा थर वितळवला, की झालं सपाट.

आणि बांधाबांध २४ तारखेच्या रात्री! चौकोनी खोक्याचं गणित सरळ आहे. २० बाय १२ बाय ६ सेंटीमीटरचं खोकं असेल, तर त्याच्याभोवतीचा वेढा ३६, वर ३ सेंटीमीटर एकमेकांवर यायला. लांबीच्या दोन्ही टोकांना उंचीच्या पाऊणपट. म्हणजे ३९ बाय २९. गोल बरणीला मात्र कुठलं गणित लागू पडत नाही. तिसऱ्या बरणीपर्यंत कागद संपला.

१९१७ मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत हॉल बंधूंच्या (पुढे ‘हॉलमार्क’ भेटकार्डवाले) दुकानात नाताळच्या तोंडावर टिश्यू पेपर संपला, तेव्हा त्यांनी पाकिटांच्या आत लावायचे नक्षीदार फ्रेंच कागद विकायला काढले आणि गुंडाळायचा छापील कागद तिथून चालत आला, असं सांगतात. माझ्याकडे ना फ्रेंच नक्षी, ना गिऱ्हाईक. एक सुती ओढणी होती. तिचे दोन तुकडे केले, बरण्या मधोमध ठेवून समोरासमोरची टोकं गाठीत बांधली. चिकटपट्टीचा तुकडाही लागला नाही. कागदातल्या बरण्यांपेक्षा याच देखण्या दिसल्या. हे आधी सुचलं असतं तर कागद आणलाच नसता.

दादाचा मफलर वीतभर झाला होता. तो सुयांसकट खोक्यात घातला. त्यानं तो गळ्याशी धरून पाहिला आणि ‘एका कानाला पुरेल’ एवढंच म्हणाला.

मावशीनं मात्र साबण २६ तारखेलाच काढला. चिठ्ठी तिनं चष्मा लावल्यावर वाचली, तोवर निम्मी वडी गेली होती.