अर्धा नंबर मोठा

"सोपाच ट्रेक आहे ना? मग घोट्यापर्यंतचे बूट कशाला?" असं म्हणत दुकानातल्या पोराने महागडा जोड परत खोक्यात ठेवला. विकणाराच नको म्हणतोय!

मग जाड मोजे घालायला लावून त्याने मला उतरत्या फळीवर उभं केलं. "अंगठा पुढे टेकतोय?" टेकत होता. चालून चालून पाय सुजतात, उतारावर बोटं पुढे सरकतात, म्हणून अर्धा नंबर मोठा. नखं काळी पडतात ती बोटं अशी पुढे आपटल्यामुळेच.

बाकी 15-20 लिटरची सॅक, तासाला साधारण अर्धा लिटर पाणी, रेनकोट, टॉर्च. सुती टीशर्ट नको, घामाने भिजला की लवकर वाळत नाही.

आणि ग्रुपवर चर्चा कसली? काठ्या कार्बनच्या की ॲल्युमिनियमच्या. पहिल्याच ट्रेकला!

तुमच्या सॅकमधली कुठली वस्तू आजवर एकदाही बाहेर निघालेली नाही?